होटगीला भेटलेले व्याही

माझी मुलगी नोकरीसाठी डब्लिनला गेली आणि काही वर्षांनी तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं म्हणाली. तोवर मी हायस्कुलातल्या इंग्रजीच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सोलापुरात स्टेशनपासून फार लांब नसलेल्या घरात मी आणि माझे वडील, आम्ही दोघंच राहायचो. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा रेल्वेत होते. वाफेच्या इंजिनावर आधी फायरमन म्हणून कोळसा मारायचे, मग ड्रायव्हर झाले. सोलापूरहून विजापूर, गदगकडे जाणाऱ्या मीटरगेजवर त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली.

मुलीला मी हो म्हटलं. आबांना सांगणं राहिलं होतं. ते अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते.

"कुटला म्हनालीस?"

"आयर्लंडचा."

"म्हंजी गोराच की."

"गोराच."

त्यांनी पेपराची घडी घातली. "मग मला काय इचारतीस? तुमी ठरवलंय न्हवं?"

मी त्यांना समजावायला गेले. आयर्लंड वेगळं, इंग्लंड वेगळं. त्यांच्यावरही इंग्रजांनी राज्य केलं, तेही भांडून मोकळे झाले, असं सगळं वर्गात सांगावं तसं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आसंल. पर हिकडं येताना टोपी तीच घालून आले की."

त्यांच्या बोलण्यामागे काय आहे ते मला माहीत होतं. आमच्या घरात ते सगळ्यांना माहीत होतं.

माझे आजोबा, म्हणजे आबांचे वडील, वळसंगहून सोलापूरच्या इंजिन शेडमध्ये कामाला लागले ते गोऱ्या साहेबांच्या काळात. आधी इंजिनं पुसायला, मग फायरमन म्हणून. मोठ्या गाडीवर ड्रायव्हर म्हणजे गोरा, नाहीतर अर्धा गोरा. आपला माणूस फावडं धरून उभा. आजोबांच्या नशिबात एकच साहेब बरीच वर्षं आला. त्याचं नाव आमच्या घरात कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही. नुसतं 'सायेब' म्हणत. हा साहेब, गाडीनं वेग घेतला की बूट काढून झोपायचा. मग आजोबा भट्टीत कोळसाही मारायचे आणि वाफेचा दांडा, रेग्युलेटर म्हणतात तो, तोही धरायचे. स्टेशन जवळ आलं की साहेबाला उठवायचं. एकदा उठवायला उशीर झाला. स्टेशनमास्तरनं साहेबाला झोपलेलं बघितलं, आणि साहेबानं फलाटावरच्या सगळ्या माणसांदेखत आजोबांच्या मुस्कटात मारली. आजोबांचं वय तेव्हा चाळिशीच्या पुढं होतं.

हे आजोबांनी स्वतः कधी सांगितलं नाही. आजी सांगायची. स्वातंत्र्यानंतर आजोबांचा ड्रायव्हर होण्याचा नंबर लागला, तेव्हा डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. इतकी वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभं राहून नजर गेली होती. शेवटची वर्षं त्यांनी शेडमध्ये इंजिनाखालची राख ओढण्यात काढली. आबा ड्रायव्हर झाले तेव्हा ते हयात नव्हते.

लग्न तिकडंच झालं. नोंदणी पद्धतीनं. मी गेले होते, आबा आले नाहीत. व्हिडिओवरही नाही. त्या वेळेला ते मुद्दाम दाढी करून घ्यायला बाहेर गेले, असं शेजारीण म्हणाली. मुलगी रडली, मग काही दिवसांनी रडणं थांबलं. ती त्यांची लाडकी होती, आणि दोघंही सारखेच हट्टी. तिनं फोन केला की आबा तब्येतीचं सांगायचे, पावसापाण्याचं सांगायचे, आणि जावयाचा विषय निघाला की "तुज्या आईला देतो" म्हणून फोन माझ्याकडं द्यायचे.

तिथं लग्नात व्याह्यांची माझी ओळख झाली. उंच, खांद्यात वाकलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस. बायको वारलेली. बेलफास्टजवळच्या एका गावात एकटेच राहायचे. बोलणं कमी. त्यांनी मला विचारलं की तुमचे वडील वाफेच्या इंजिनावर होते ना. मी हो म्हटलं. "मीही होतो," ते म्हणाले. "थोडीच वर्षं. अगदी शेवटची." समुद्राकाठच्या खाणीतून दगड-मुरूम भरून आणायचा आणि नव्या रस्त्याच्या भरावाला नेऊन टाकायचा, अशा मालगाड्यांवर ते फायरमन होते. त्यांच्याकडं नियमित वाफेवर चालणाऱ्या त्या जवळजवळ शेवटच्या गाड्या. त्या बंद पडल्यावर त्यांनी रेल्वे सोडली आणि जन्मभर बस चालवली.

पुढच्या हिवाळ्यात मुलगी आणि जावई सोलापूरला यायचे ठरले. फोनवर मुलगी म्हणाली, "आई, बाबाही येतायत." बाबा म्हणजे तिचे सासरे.

मी आबांना सांगितलं. ते तांब्यातलं पाणी सावकाश प्यायले. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी पिशवी भरली आणि जवळच होटगीला पुतण्याकडं निघून गेले. पुतण्या रेल्वेतच आहे, त्याला तिथं क्वार्टर आहे. "त्येच्या पोरास्नी बघून येतो," म्हणाले. मी अडवलं नाही. त्या वयाच्या माणसाला अडवून काय करणार?

पाहुणे आले. मुलीकडचे आम्ही, त्यामुळं व्याह्यांचं काही कमी पडू नये म्हणून माझी धावपळ चालली होती. त्यांना कशाचंच काही नव्हतं. भाकरी दिली, भाकरी खाल्ली. शेंगाची चटणी एवढीशी चाखून डोळ्यांत पाणी आलं तरी परत मागून घेतली. किल्ला बघितला, तलाव बघितला, सिद्धेश्वराच्या देवळात सगळ्यांसारखे रांगेत उभे राहिले. आबांबद्दल विचारलं तेव्हा मी म्हटलं, पुतण्याकडं जावं लागलं, घरचं काम निघालं. त्यांनी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आणि जावई बाजारात गेले होते. व्याही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ते माझ्यामुळंच गेलेत, नाही का?"

मी गॅस बारीक केला.

"तुमच्या मुलीनं मला सगळं सांगितलंय," ते म्हणाले. "तुमच्या आजोबांचं. झोपणाऱ्या साहेबाचं. मी तेवढ्यासाठीच आलोय. देवळं बघायला आलो नाही. मला त्यांच्याकडं घेऊन चला."

"ते कदाचित बोलणार नाहीत."

"न बोलू देत. मला बोलायचंय."

आम्ही रिक्षा केली. ते काय बोलणार, हे मी विचारलं नाही. मला वाटलं होतं, आपल्या माणसांच्या वतीनं दोन चांगले शब्द बोलतील. आबांना ते अजिबात चालणार नाही, हेही मला दिसत होतं.

पुतण्याच्या बायकोनं सांगितलं, आबा फलाटावर आहेत. ते होटगीला आले की तिथंच बसतात. आम्ही गेलो. आबा बाकावर बसले होते, समोर मालगाडी उभी होती. मला बघितलं, माझ्यामागं कोण आहे ते बघितलं, आणि उठून उभे राहिले. घरात आम्ही मराठी बोलतो, पण आबांच्या तोंडात लहानपणची कानडी बसलेली आहे. आलेल्या माणसाला बघून त्यांच्या तोंडून आपसूक गेलं, "बर्री, कुंद्री." या, बसा. मग आपण कुणाला काय म्हणालो हे लक्षात येऊन त्यांनी तोंड फिरवलं.

व्याही बसले. मी दोघांच्या मध्ये बसले, कारण एकाचं दुसऱ्याला कळायचं तर मीच सांगायला हवं होतं.

आबाच आधी बोलले. माझ्याकडं बघून, पण त्यांना उद्देशून. "इचार त्येला. त्येच्या घरातलं कोन आलं हुतं का हिकडं? रेल्वेत?"

प्रश्न अपमान करायलाच विचारला होता. उत्तर नाही येईल असं आबांनाही वाटत असावं. मी तो सौम्य करून विचारला.

"हो," व्याही म्हणाले. "माझ्या आजीचा भाऊ."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. मुलीला हे माहीत नव्हतं. जावयालाही नव्हतं, ते नंतर कळलं.

ते सांगू लागले, मी वाक्यामागून वाक्य मराठीत करत गेले. आजीचा भाऊ तरुणपणी हिंदुस्थानात गेला. रेल्वेत ड्रायव्हर होता. म्हातारपणी परत आला, बहिणीच्या घरी राहिला. व्याही तेव्हा लहान होते. नाताळात सगळे जमले की म्हातारा हिंदुस्थानातल्या गोष्टी सांगायचा. त्यातली एक गोष्ट सगळ्यांची आवडती होती. ती म्हणजे त्याच्या फायरमनची. गाडी सुरू झाली की हा बूट काढून झोपी जायचा आणि तो फायरमन एका हातानं कोळसा मारत दुसऱ्या हातानं गाडी चालवायचा. "माझा बॉय झोपेतसुद्धा ते इंजिन चालवू शकला असता, आणि मी झोपेतच पगार घेत होतो," असं म्हातारा म्हणायचा, आणि सगळे हसायचे.

'बॉय' या शब्दाशी मी थांबले. मराठीत काय म्हणावं याचा विचार करत होते. पोरगा म्हणावं की गडी? आबा म्हणाले, "कळलं मला. बॉय म्हनाला न्हवं? फुडं सांग."

"आणि उठवायला विसरला तर?" व्याही ऐकणाऱ्यांची नक्कल करत म्हणाले. म्हणजे म्हाताऱ्याला कुणीतरी हे हटकून विचारायचं, आणि म्हातारा आपला पंजा वर करून दाखवायचा. व्याह्यांनी फलाटावर बसल्या बसल्या तसा पंजा वर केला आणि लगेच खाली घेतला. "त्यावर तर सगळ्यात जास्त हसू यायचं."

आबा समोरच्या मालगाडीच्या डब्याकडं बघत होते.

"मग मी स्वतः फायरमन झालो," व्याही म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात हाताला फोड आले, पाठ मोडली. आणि मला गाडी चालवावी लागत नव्हती, नुसता कोळसा मारायचा होता. थंडीत. तेव्हा मला ती गोष्ट आठवली. त्यानंतर मला तिच्यावर हसू आलं नाही. म्हातारा तोवर वारला होता. त्याला काही विचारता आलं नाही, आणि मी घरात कुणाला काही बोललोही नाही. तुमच्या नातीनं तुमच्या घरातली गोष्ट सांगितली, तेव्हा मला वाटलं, ही मी आधी ऐकलेली आहे. दुसऱ्या बाजूनं."

आबांनी विचारलं, "सोलापूर म्हनायचा का त्यो?"

"मला गावाचं नाव आठवत नाही. तो नुसता 'लाइन' म्हणायचा. आणि उन्हाबद्दल सांगायचा."

"मग त्यो दुसरा बी आसंल."

"असू शकेल."

"पर आसाच हुता," आबा म्हणाले.

"हो. असाच होता."

मालगाडी हलली. तिचा आवाज जाईपर्यंत कुणाला बोलता येण्यासारखं नव्हतं. आबांनी आपल्या शर्टाची बाही दुमडली, मग परत सोडली. मी वाट बघत होते की आता ते उठून जातील. त्यांनी मला विचारलं, "हे त्येच्या पोराला ठाव हाय का? आपल्या जावयाला?"

'आपल्या जावयाला' हे आबा पहिल्यांदा म्हणाले. तो शब्द मी आपल्यापाशी ठेवला आणि प्रश्न तेवढा विचारला. व्याही नाही म्हणाले.

"मग आदी त्येला सांगायचं. मी ऐकून काय करू? मला म्हाईतच हुतं."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. व्याही म्हणाले, बरोबर आहे.

आबा आमच्याबरोबर सोलापूरला आले. पुतण्याच्या घरून पिशवी आणायला मी गेले, तोवर ते दोघं बाकावर शेजारी बसलेले होते. भाषा नव्हती, त्यामुळं गप्पच होते.

संध्याकाळी जेवणं झाली नव्हती, ताटं मांडली होती. व्याह्यांनी मुलाला समोर बसवून सगळं सांगितलं. त्या खोलीत आम्ही पाचही जण होतो. जावई माझा तसा हसरा, पण त्याचा चेहरा लाल होत गेला. "तुम्ही मला हे कधीच सांगितलं नाही," तो बापाला म्हणाला.

"तुझ्या पणजीच्या भिंतीवर त्याचा फोटो होता. तू विचारलं नाहीस."

"मी विचारायला हवं होतं?"

"नाही. मी सांगायला हवं होतं."

जावई उठून आबांपुढं येऊन उभा राहिला. काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. माझी मुलगी त्याला वाकून नमस्कार कर म्हणून सांगायला उठली, मी तिला डोळ्यानं थांबवलं. आबांनी वर बघितलं आणि मला म्हणाले, "त्येला सांग, जेव म्हनावं. भाकरी गार हुतीया."

एवढंच झालं.

पुढच्या दिवसांत व्याही आणि आबा दोघंच सकाळचे फिरायला जायचे. एकदा मी बरोबर गेले. पूर्वीची शेड कुठं होती, इंजिनात पाणी भरायचा खांब कुठं होता, ते आबांना दाखवायचं होतं. दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही, आबा रिकाम्या जागेकडं हात करत होते आणि व्याही मान हलवत होते. व्याह्यांनी सांगितलं की त्यांच्याकडं काही लोक जुनी इंजिनं दुरुस्त करून रविवारी चालवतात. डॉक्टर, वकील असे लोक हौसेनं कोळसा मारतात, आणि तिकीट काढून माणसं बसतात.

आबांना मी हे दोनदा सांगितलं. "पगार न्हाय?"

"नाही."

"आनि परत घरी जाऊन कापडं कोन धुतंय?"

व्याही खूप हसले. मग म्हणाले, "मी जातो कधी कधी बघायला. त्यांचे स्वच्छ डगले बघून मला राग येतो. पण त्या वासासाठी जातो."

आबा म्हणाले की वाफेचं इंजिन गेलं ते लई बरं झालं. त्यांची पहिली डिझेलची ड्यूटी होती त्या दिवशी ते पांढरा शर्ट घालून गेले आणि पांढराच परत घेऊन आले. माझ्या आईनं तो शर्ट उलटासुलटा करून बघितला. तिचे हात जन्मभर धुण्याच्या सोड्यानं फुटलेले होते. "ती काय बोलली न्हाय. शर्ट दोरीवर टाकला, न धुताच, नुसता बघायला," आबा म्हणाले. हे मला माहीत नव्हतं. आईबद्दल ते कधी बोलत नसत.

कोळशाबद्दल मात्र दोघांचं जमलं. आबांचं म्हणणं, आम्हाला शेवटी शेवटी कोळसा नव्हे, दगड द्यायचे. व्याह्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. युद्धाच्या काळात आयर्लंडला कोळसा मिळेना, तेव्हा तिकडच्या दक्षिणेकडच्या गाड्या दलदलीतून खणून वाळवलेल्या मातीवर चालवायचे. ती माती तिकडं चुलीत जळणासारखी वापरतात. ती ओली असली की वाफ धरत नसे, आणि गाडी मध्येच कुठंतरी थांबून राहायची. प्रवासी उतरून कुंपणावर बसायचे.

"म्हंजी गोवऱ्यांवर इंजिन?" आबा म्हणाले.

मी गोवरी म्हणजे काय ते व्याह्यांना समजावलं. ते म्हणाले, जवळपास तसंच. आबा रस्त्यातच थांबून हसले. ते इतके हसलेले मी बऱ्याच दिवसांत बघितले नव्हते.

पाहुणे गेल्यावर एकदा मी आबांना सरळ विचारलं, तुम्ही त्यांना माफ केलंत का?

"कुनाला?"

"व्याह्यांना. त्यांच्या माणसाला."

"ह्येनं काय केलंय माझं? ह्यो तर सांगायला आला. आनि त्या दुसऱ्याची माफी मी कोन देनारा? ती माझ्या बापानं द्यायची. त्यो न्हाय आता." असं म्हणून त्यांनी रेडिओ लावला.

तेव्हापासून रविवारी फोन असतो. व्याही तिकडं खुर्चीत, आबा इकडं खुर्चीत, आणि मध्ये मी. पहिल्या पहिल्यांदा इंजिनांचं बोलायचे. आता बहुतेक गुडघ्यांचं बोलतात, आणि तिकडं पाऊस आहे का याचं. तिकडं नेहमीच असतो. मला कधी कधी कंटाळा येतो, भाजी चिरायची राहिलेली असते, तेव्हा मी वाक्यं जरा छोटी करून सांगते. आबांना ते लगेच कळतं. "एवढंच म्हनाला व्हय?" असं ते विचारतात, आणि मला सगळं परत सांगावं लागतं.